नीळकंठरावांचा रविवार

निजामाचं राज्य गेलं आणि आमच्या हिंगोलीत बरंच काही बदललं. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, साहेब बदलले, साहेबांना करायचे सलामही बदलले. मला त्या सगळ्यात गंमत वाटली ती एकाच गोष्टीची. कचेऱ्यांची सुट्टी शुक्रवारी असायची ती रविवारी झाली. पहिल्याच रविवारी मुन्सफाच्या अदालतीला लागलेलं कुलूप मी पाहिलं आणि भर रस्त्यात मोठ्यानं हसलो. बरोबरच्या माणसाला वाटलं, ऊन लागलं असावं. त्याला काय सांगणार? हिंगोलीत रविवारची सुट्टी पहिल्यांदा आणली ती सरकारनं नव्हे. ती आमच्या नीळकंठरावांनी काही वर्षं आधीच आणली होती, एकट्याच्या जोरावर आणि निव्वळ चुकून.

नीळकंठराव आमच्या कंपनीच्या कायदे खात्याचे मुख्य. कंपनी म्हणजे जीन. कापसातली सरकी वेगळी करायची, रुईच्या गाठी दाबायच्या आणि रेल्वेनं मुंबईला धाडायच्या, एवढा सरळ धंदा. त्याला कायद्याचं खातं कशाला, असं कुणीही विचारील. पण आमच्या कंपनीला भांडायची भारी हौस. गाडीवानाशी वजनावरून भांडण, शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडण, हमालाशी फाटक्या गोणीवरून भांडण. एखाद्या हंगामात कापसापेक्षा दाव्यांचंच पीक जोमदार यायचं. म्हणून मुंबईच्या मोठ्या कचेरीनं इथे खातं उघडलं आणि त्यात तीन माणसं बसवली. मुख्य नीळकंठराव, अदालतीत उभं राहायला वकील हबीबसाहेब, आणि कागद लिहायला मी. माझ्या हुद्द्याला मुहर्रिर म्हणत, म्हणजे वकिलाचा कारकून. पगार कारकुनाचा, शिव्या मात्र वकिलाच्या वाट्याच्याही मलाच.

नीळकंठराव पुण्याकडचे. कायद्याची परीक्षा त्यांनी इंग्रजी मुलखात दिलेली, त्यामुळे निजामाच्या अदालतीत उभं राहायची सनद त्यांच्याकडे नव्हती. शिवाय अदालतीचा सगळा कारभार उर्दूत, आणि उर्दू कागद त्यांच्या हातात दिला तर तो उलटा धरला आहे की सुलटा हेही त्यांना आम्हीच सांगायचं. म्हणजे ज्या खात्याचं कामच अदालतीतलं, त्याच्या मुख्याला तिथे उभं राहता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं आणि वाचता येत नव्हतं. हे मुंबईला माहीत नव्हतं का, असं मी एकदा हबीबसाहेबांना विचारलं.

"मालूम था ना," ते पान लावत म्हणाले. "इसीलिए तो साहब बनाके भेजे. काम आता तो नौकर बनाके भेजते."

माणूस दिसायला मात्र साहेबासारखाच. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, बंद गळ्याचा पांढरा कोट आणि बारा महिने तेरा काळ हातात छत्री. बोलायच्या आधी दौतीचं झाकण लावायची त्यांना सवय होती. शाई वाळू नये म्हणून. झाकण लागलं की आम्ही समजायचो, आता बराच वेळ काही लिहून होणार नाही. मग घसा साफ करून ते जे बोलत ते बहुतेक एकच असे: "आपण कोण ठरवणारे? वरून विचारू." वर म्हणजे मुंबई. खिडकीचं तावदान फुटलं, वरून विचारू. शिपाई आजारी पडला, त्याला घरी पाठवायचं का, वरून विचारू. वरून उत्तर येईपर्यंत शिपाई बरा होऊन कामाला लागलेला असे, आणि मग उत्तर येई की त्याला घरी पाठवावं. नीळकंठराव त्याला घरी पाठवत.

तर रविवारची गोष्ट. आल्या आल्या त्यांनी पाहिलं की खातं शुक्रवारी बंद असतं. त्यांना हे फार लागलं. मुंबईची कचेरी रविवारी बंद, मग त्याच कंपनीचं खातं शुक्रवारी बंद कसं? त्यांनी वरून विचारलं. वरच्यांना हिंगोली नकाशावरसुद्धा धड सापडत नव्हती, ते म्हणाले, अलबत रविवारी. झालं. येत्या आठवड्यापासून शुक्रवारी काम, रविवारी सुट्टी, असा हुकूम निघाला. हबीबसाहेबांनी समजावून पाहिलं, "साहब, अदालत शुक्रवार को बंद रहती और इतवार को चलती. हमारा काम अदालत में है." नीळकंठरावांनी दौतीचं झाकण लावलं. "वरून आलंय," ते म्हणाले.

पहिल्या शुक्रवारी आम्ही तिघं शिस्तीत कामावर हजर. एक दावा दाखल करायचा होता, तो घेऊन मी अदालतीत गेलो तर फाटकाशी पहारेकरी बसून शेंगा खात होता. तो मला म्हणाला, "काहून आला जी? आज तर मुनसफ बी नमाजला गेला." मी परत आलो. त्या रविवारी आम्ही सुट्टी भोगली. आणि त्याच दिवशी अदालतीत आमच्या कंपनीच्या नावाचा पुकारा झाला, एकदा, दोनदा, तीनदा. कुणी हजर नाही म्हणून चांगला जिंकत आलेला दावा मुन्सफानं फेकून दिला. अदालतीत याला म्हणायचे, अदम पैरवीत खारीज. दावा करणाराच आला नाही, म्हणून दावा गेला.

दुसरा कुणी असता तर त्यानं हुकूम फिरवला असता. पण वरून आलेला हुकूम नीळकंठराव कसा फिरवणार? आणि चूक झाली असं वर कळवणार तरी कसं? त्यांनी तोड काढली. सुट्टी रविवारचीच राहील. मात्र हबीबसाहेब आणि मी रविवारी 'आपल्या खुशीनं' अदालतीत जाऊ, आणि शुक्रवारी खात्यात बसून मिसली झाडू. मिसल म्हणजे दाव्याच्या कागदांचा गठ्ठा. अशा रीतीनं आम्हाला आठवड्यात एकही सुट्टी उरली नाही आणि नियमाला कुठे धक्काही लागला नाही. पुढची सगळी वर्षं आम्ही दर शुक्रवारी मिसली झाडल्या. इतक्या स्वच्छ मिसली साऱ्या मोगलाईत कुणाच्या नसतील.

दुसरं त्यांचं खूळ शेरवानीचं. मुन्सफापुढे उभं राहायचं तर वकिलाच्या अंगात शेरवानी हवी. हबीबसाहेबांची जुनी झाली म्हणून कंपनीनं नवी काळी शेरवानी शिवून दिली, आणि नीळकंठरावांना कायद्याचा प्रश्न पडला. शेरवानी कंपनीची, मग ती वकिलाच्या घरी कशी राहील? तेव्हापासून शेरवानी खात्यातल्या कपाटात आणि कपाटाची किल्ली नीळकंठरावांच्या कोटाच्या खिशात. हबीबसाहेबांनी सकाळी यायचं, शेरवानी मागून घ्यायची, दुपारी काढून द्यायची. एकदा नीळकंठराव औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेले, किल्लीही दर्शनाला गेली. हबीबसाहेब सदऱ्यावरच अदालतीत उभे राहिले. मुन्सफानं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "वकीलसाहब, गुस्लखाने से सीधे चले आए क्या?" सगळी अदालत हसली. त्या दिवशी हबीबसाहेबांनी पाच मिनिटं पान खाल्लं नाही, यावरून त्यांचा राग ओळखावा.

असं हे खातं. यात धानाबाई आली ती गायीमागून.

जिनीच्या मागे थोड्या अंतरावर एक तांडा होता. पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेणारी ही माणसं आता शेती करत होती. धानाबाई तिथली, नवरा वारलेला, पोरं लहान. तिची गाभण गाय कुंपणातून आत शिरली आणि सरकीच्या ढिगाला लागली. जिनीच्या पहारेकऱ्यानं ती बांधून घातली. मॅनेजर म्हणाला, कायदे खात्याला विचारा. कायदे खातं म्हणालं, वरून विचारू. वरून आलं की जनावराचं वर्णन पाठवा. आम्ही वर्णन पाठवलं. वरून आलं की वर्णनात स्वभाव लिहिलेला नाही. तोवर जनावर कंपनीच्या ताब्यात, म्हणून त्याला खाऊ घालणं कंपनीवर आलं, आणि कंपनीकडे खायला काय, तर सरकी. जी सरकी खाल्ली म्हणून गाय धरली तीच तिला दोन वेळ पाटीभर मिळू लागली. गाय अंगानं भरली, आणि एके दिवशी दुपारी खात्याच्या ओसरीसमोरच व्याली.

नीळकंठरावांनी झाकण लावलं. "वासरू कंपनीच्या हद्दीत जन्मलेलं आहे," ते म्हणाले. "म्हणजे नवा प्रश्न."

धानाबाई रोज गायीला पाणी पाजायला यायची, ती तिथेच होती. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "काहून साहेब? उद्या तुमचं लेकरू रेल्वेत जन्मलं, तर ते काय रेल्वेचं व्हय?"

हबीबसाहेब उठून बाहेर गेले आणि भिंतीकडे तोंड करून हसत राहिले. नीळकंठरावांनी मात्र गंभीरपणे विचार केला. "मुद्दा आहे," ते म्हणाले. "पण आपण कोण ठरवणारे?"

दुसऱ्या दिवशी धानाबाईनं पितळेच्या वाटीत खरवस आणला. मला वाटलं, आता साहेब वरून विचारणार, की जप्तीच्या जनावराच्या चिकाचा खरवस खावा का. पण त्यांनी वाटी घेतली, खिडकीकडे वळून उभ्या उभ्या खरवस खाल्ला आणि रुमालानं तोंड पुसलं. बायकापोरं पुण्याला, इथे खानावळीचं जेवण. कुणी हातचं काही करून आणलं त्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे. त्याच दुपारी धानाबाईनं भर उजेडात गायीचं दावं सोडलं आणि वासरू पुढे घालून ती फाटकातून निघाली. नीळकंठराव खिडकीतच होते. त्यांनी सगळं पाहिलं. मिसलीत त्यांनी मला एक ओळ लिहायला सांगितली, 'जनावर निघून गेले', आणि ती मिसल आम्ही शुक्रवारच्या झाडण्यात ठेवली.

त्यानंतर वर्षाभरात विहिरीचा दावा आला. तो कंपनीनं केला धानाबाईवर.

जीन आणि तांडा यांच्यामध्ये एक जमिनीचा पट्टा होता आणि त्यात धानाबाईची विहीर. गाठी दाबायच्या प्रेसच्या बॉयलरला पाणी कमी पडू लागलं तशी कंपनीची नजर तिकडे गेली. गावच्या एका जमीनदाराकडून कंपनीनं तो सगळा पट्टा विकत घेतला, विहिरीसकट. धानाबाईचं म्हणणं असं, की तिच्या सासऱ्यानं दुष्काळात जमीनदाराचं धान्य आपल्या बैलांवरून वाहून आणलं, त्याबद्दल जुन्या मालकानं तेवढा तुकडा त्याला दिला, आणि सासऱ्यानं तिथे आपल्या हातानं विहीर खांदली. दिला म्हणजे तोंडानं दिला. बैलांवर ओझी वाहणाऱ्या माणसाला कोण कागद करून देतो? आता तेवढ्या विहिरीवर तिचं मिरचीचं, वांग्याचं वाफ्यांतलं पीक, तिची गाय आणि उन्हाळ्यात सगळा तांडा जगत होता. कंपनीकडे पक्का कागद, तिच्याकडे सासऱ्याची गोष्ट. दावा तीन तारखांत संपायला हवा होता.

तो कित्येक वर्षं संपला नाही, याचं श्रेय नीळकंठरावांच्या कारभाराला. एकदा कागदाची नक्कल वरून यायची होती. एकदा वरून आलेली नक्कल दुसऱ्याच गावच्या जिनीची निघाली. एकदा हबीबसाहेबांनी करायच्या भाषणाला वरून मंजुरी हवी होती, ते मराठीत करून, मग इंग्रजीत करून मुंबईला गेलं आणि तिथून इतक्या दुरुस्त्या होऊन आलं, की ते आमच्याविरुद्ध वाटू लागलं. दर वेळी हबीबसाहेब शेरवानी घालून उभे राहत आणि मान खाली घालून तारीख मागत. जिंकायचा दावा हातात असून तारीख मागणारा वकील मुन्सफानं पहिल्यांदाच पाहिला असेल. "मेरी जिंदगी में," हबीबसाहेब मला म्हणत, "हारने का गम नहीं. ये लोग जीतने नहीं देते, उसका है."

तारखेला नीळकंठरावही येत. आत त्यांना काम नव्हतं, म्हणून आवारातल्या लिंबाखाली छत्री उघडून बसत. झाडाच्या दुसऱ्या बाजूला धानाबाई. पुकारा कधी होईल याचा नेम नसे, त्यामुळे ती फडक्यात भाकरी बांधून आणायची. सुरुवातीला दोघांची तोंडं दोन दिशांना. मग एका तारखेला पाहतो तर नीळकंठरावांच्या मांडीवर रुमाल, रुमालावर ज्वारीची भाकरी आणि ठेचा, आणि साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"तिखट लागलं व्हय?" धानाबाई विचारत होती.

"नाही, नाही. उत्तम आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी आणखी घेतला. पुण्याला घरी हे कळलं असतं तर त्यांना दारातच आंघोळ घातली असती. इथे सांगणारं कुणी नव्हतं.

पुढे ती त्यांची भाकरी वेगळी बांधून आणू लागली, ठेच्यात तेल जास्त घालून. तारीख पडली की ती म्हणायची, "बरं झालं साहेब, आता पुढच्या तारखेला ताज्या शेंगा घिऊन येते." एकदा तिनं विचारलं, "मुनसफ मला काय इचारल, साहेब? मी काय सांगू?" आणि नीळकंठरावांनी तिला नीट समजावलं, की सासरा किती वर्षं ती विहीर वापरत होता ते सांग, कुणी अडवलं नाही हे सांग, शेजारच्या म्हाताऱ्यांना साक्षीला आण. हबीबसाहेब मागे उभे होते.

"साहब," ते हळूच म्हणाले, "आप किसके तरफ से हैं?"

नीळकंठराव दचकले. "मी फक्त कायदा सांगितला," ते म्हणाले. "कायदा कुणालाही सांगता येतो."

धानाबाईनं म्हातारे आणले, पण एकाला ऐकू येईना आणि दुसरा मुन्सफाला पाहूनच रडायला लागला. कागदापुढे त्यांचं काही चालण्यासारखं नव्हतंच.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला मुंबईनं दुसरा बॉयलर बसवायचं ठरवलं आणि वरच्यांना एकाएकी विहीर आठवली. नीळकंठरावांना कळवण्यात आलं की या हंगामाच्या आत विहीर कंपनीच्या ताब्यात आली नाही, तर कायदे खातं बंद करण्यात येईल, आणि मुख्यांना दुसरीकडे जागा दिली जाणार नाही. त्यांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. वाचताना आवाज नेहमीसारखा होता, पण दौतीचं झाकण लावायला ते विसरले. त्या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार होतं? मोठ्या मुलीचं लग्न व्हायचं होतं, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.

मुन्सफही कंटाळला होता. त्यानं सांगितलं, आता तारीख मिळणार नाही, पुढच्या वेळी निकाल. ती पुढची वेळ रविवारी पडली. आदल्या संध्याकाळी हबीबसाहेब खुशीत होते. इतक्या वर्षांनी त्यांना जिंकायला मिळणार होतं.

"कल फैसला हमारा समझो साहब," ते म्हणाले. "आधे घंटे का काम है."

"मग ती पाणी कुठून आणील?" नीळकंठरावांनी विचारलं.

"कौन?"

"धानाबाई."

हबीबसाहेब त्यांच्याकडे पाहत राहिले. "वो अपना काम नहीं है साहब. आप ही बोलते, हम कौन ठहरानेवाले."

"बरोबर," नीळकंठराव म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले. मला वाटलं, आता हे वरून विचारणार. पण त्यांनी वरून काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी हबीबसाहेब आणि मी शेरवानी घ्यायला खात्यात गेलो. दाराला कुलूप. ओसरीवर नीळकंठराव बसलेले, अंगात कोट नाही, साधा सदरा आणि धोतर, पायांत वहाणा. त्यांना कोटाशिवाय मी पहिल्यांदाच पाहत होतो. एखाद्या घरमालकासारखे ते निवांत पाय हलवत बसले होते.

"साहब, शेरवानी," हबीबसाहेब म्हणाले. "देर हो रही."

"आज रविवार आहे," नीळकंठराव म्हणाले.

"मालूम है साहब. वही तो, आज फैसला है."

"रविवारी खातं बंद असतं, वकीलसाहेब. तुमच्या-माझ्या देखत हुकूम निघालेला आहे."

हबीबसाहेबांना आधी ते कळलंच नाही. मलाही नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. ते पायरीवर बसले. "हम अपनी खुशी से जाते थे ना साहब," ते म्हणाले, "वैसेच आज भी..."

"आज माझी खुशी नाही. आणि किल्ली माझ्याकडे आहे."

"ये किसका हुकुम है? ऊपर का?"

"नाही," नीळकंठराव म्हणाले. "माझा."

इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. हबीबसाहेबांनी कमरेचा पानाचा डबा काढला, एक पान लावलं आणि नीळकंठरावांपुढे धरलं. साहेब पान खात नसत. त्यांनी ते घेतलं. "इतवार मुबारक, साहब," एवढं बोलून हबीबसाहेब घरी गेले. मी थोडा वेळ थांबलो. सांगायला लाज वाटत नाही, माझे डोळे भरून आले होते. नीळकंठराव पान चघळत समोरच्या रस्त्याकडे बघत होते, आणि पानाची त्यांना सवय नसल्यानं सदऱ्यावर लाल ओघळ आला होता.

तिकडे अदालतीत तीन पुकारे झाले आणि दावा खारीज झाला.

सोमवारी सकाळी धानाबाई खात्यात आली ती रागानं लाल होऊन. हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

"काहून आला न्हाई काल? मी लिंबाखाली बसून राहिले, बसून राहिले. वकील न्हाई, तुमी न्हाई. मला वाटलं, बिमार पडला का काय. मुनसफानं आत बलावलं अन् म्हनला, जा बाई, विहीर तुझी. मी म्हनलं, साहेब आल्याबगर कसं? तो म्हनला, आता तारीख न्हाई. असं कुठं आसतंय?"

"रविवार होता," नीळकंठराव म्हणाले.

"मंग काय झालं? मी न्हाई का आले?"

नीळकंठरावांनी फडक्याकडे पाहिलं. "ती भाकरी कालची आहे का?" त्यांनी विचारलं.

"कालची अन् वाळली. देऊ नई आसं वाटून राह्यलं." पण तिनं फडकं सोडलं, आणि आमच्या कायदे खात्याच्या टेबलावर, दौतीशेजारी, नीळकंठरावांनी ती वाळलेली भाकरी चावून चावून संपवली.

आता खारीज झालेला दावा पुन्हा उभा करता येतो. त्याला अर्ज करावा लागतो, मुदतीच्या आत. हबीबसाहेबांनी कर्तव्य म्हणून आठवण करून दिली. नीळकंठरावांनी झाकण लावलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "आपण कोण ठरवणारे? वरून विचारू." आणि या वेळी त्यांनी जसं विचारलं तसं आयुष्यात कधी विचारलं नसेल. निकालाची उर्दू नक्कल जशीच्या तशी मुंबईला धाडली. तिथे ती वाचायला माणूस मिळेना. मिळाला, तर निकालावरची तारीख निजामी सालाची, महिना बहमन. वरून विचारणा आली, की बहमन हा गृहस्थ कोण आणि त्याचा जबाब घेतला आहे काय. नीळकंठरावांनी सविस्तर खुलासा पाठवला. खुलाशावर शंका आली. शंकेचा खुलासा गेला. वरून एकदाचा हुकूम आला, की अर्ज ताबडतोब करावा, तेव्हा मुदत कधीच उलटून गेली होती. ज्या कारभारानं आम्हाला इतकी वर्षं रडवलं, तो त्या महिन्यात असा काही चोख चालला, की मला वरच्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

खातं बंद झालं. नीळकंठरावांना काढून टाकल्याचं वरून वेळेवर कळलं, तेवढं एकच काम मुंबईनं कधी वेळेवर केलं. हबीबसाहेबांनी स्वतःची वकिली सुरू केली आणि मला बरोबर घेतलं. निघण्याच्या दिवशी साहेबांनी कपाट उघडलं, शेरवानी काढली आणि हबीबसाहेबांच्या हातात दिली. "कंपनी की है साहब," हबीबसाहेब म्हणाले. "वरून विचारा," साहेब म्हणाले, आणि दोघंही हसले.

त्यांना स्टेशनवर पोचवायला मी गाडीत बसलो. एक ट्रंक, एक वळकटी, छत्री. गाडीवान सरळ रस्त्यानं निघाला तर नीळकंठरावांनी त्याला मागच्या वाटेनं घ्यायला लावलं. विहिरीवर मोट चालू होती. धानाबाईचा मोठा पोरगा बैल हाकत होता आणि ती वाफ्यात पाणी फिरवत होती. साहेब छत्री घेऊन उतरले आणि पाटाशी गेले. त्यांनी हातपाय धुतले. तिनं कळशीतून पाणी ओतलं आणि ते ओंजळीनं पोटभर पाणी प्याले, कोटाच्या बाह्या भिजवून. आपली नोकरी गेली हे त्यांनी तिला सांगितलं नाही. मलाही डोळ्यांनी बजावलं.

"गावाला चाललो," ते म्हणाले.

"जावा. लेकराबाळांत जावा." तिनं पदराला हात पुसले. मग तिला एकदम काही सुचलं. "पर साहेब, आता तारीख न्हाई, मंग तुमी येनार कवा?"

ते पाटाच्या पाण्याकडे बघू लागले.

"तसं नका करू," ती म्हणाली. "इतक्या तारखा घेतल्या माझ्याकडून, आता एक देऊन जावा. मी भाकरी बांधून ठिवीन."

हिंगोलीच्या अदालतीतून नीळकंठरावांइतक्या तारखा कुणी घेतल्या नसतील. ते तिच्यापुढे भिजलेले हात घेऊन उभे राहिले. दोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. पाटाचं पाणी त्यांच्या पायांवरून जात होतं. गाडीवानानं हाक मारली, रेल्वेची वेळ झाली होती, तेव्हा ते वळले आणि येऊन माझ्या शेजारी बसले. गाडी हलली. छत्री मात्र ते विहिरीवरच विसरून आले होते, आणि मी ती आणायला उतरू लागलो तर त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.